सेल सॉर्टर घेण्याआधी तो चालवणाऱ्याचे पद मंजूर करा

प्रति,
मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते, संशोधन संस्थांचे संचालक आणि उपकरण खरेदी समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या समित्यांपुढे अधूनमधून सेल सॉर्टरचा, म्हणजे मिश्रणातून हव्या त्या पेशी जिवंत वेगळ्या काढणाऱ्या यंत्राचा, प्रस्ताव येतो. काही कोटींचे यंत्र असल्यामुळे छाननीही कसून होते. लेझर किती, एका वेळी किती रंग ओळखता येतात, सर्वात कमी बोली कुणाची, हे सगळे तपासले जाते आणि ते तपासलेच पाहिजे. पण यंत्र दहा वर्षे चालणार की दुसऱ्याच पावसाळ्यात झाकून ठेवले जाणार, हे ज्या गोष्टींवर ठरते त्यांचा त्या कागदांत बहुधा उल्लेखही नसतो. ते रोज कोण चालवणार, त्या माणसाचा पगार कोणत्या शीर्षाखाली, खोली कोणत्या मजल्यावर, सहाव्या वर्षीच्या देखभालीचे पैसे कुठून? या शहरात हे तंत्र वापरणारे आणि शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत. आमची मुख्य मागणी एकच आहे: चालकाचे कायम पद मंजूर झाल्याशिवाय सॉर्टरच्या खरेदीला मंजुरी देऊ नका. ही मागणी का, हे नीट कळावे म्हणून थोड्या तपशिलात जावे लागेल.

सॉर्टरचे काम असे चालते. रक्त, अस्थिमज्जा किंवा गाठीच्या तुकड्यातून सुट्या केलेल्या पेशींना चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडी लावतात. मग त्या पेशी मिठाच्या पाण्याच्या बारीक धारेतून एकामागे एक सोडतात. धार लेझरसमोरून जाताना प्रत्येक पेशीचा प्रकाश मोजला जातो. नोझलवरचा पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टल धारेला सतत कंप देत असतो, त्यामुळे ती खाली ठरावीक अंतरावर एकसारख्या थेंबांत तुटते. हवी ती पेशी ज्या थेंबात जाणार, तो थेंब तुटण्याच्या क्षणी धारेला विद्युतभार दिला जातो. पुढे काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून जाताना तेवढाच थेंब बाजूला वळतो आणि नळीत पडतो. ७० मायक्रॉनचे नोझल आणि ७० पीएसआय दाब असेल, तर सेकंदाला साधारण ९० हजार थेंब पडतात आणि धारेचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो.

अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या मॅक फुलवायलर यांनी १९६५ साली पेशी अशा थेंबांनी वेगळ्या करून दाखवल्या, त्या आकारमानावरून. शाईचे थेंब विद्युतभाराने वळवण्याची रिचर्ड स्वीट यांची स्टॅनफर्डमधली पद्धत त्यांनी त्यासाठी घेतली होती. १९६९ मध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या स्टॅनफर्डमधल्याच गटाने फ्लोरोसंट पेशी वेगळ्या करणारे यंत्र उभे केले. त्यानंतर लेझर लहान झाले, संगणक वेगवान झाले, बरीचशी जुळवाजुळव सॉफ्टवेअर करू लागले. धारेतून थेंब तुटण्याची क्रिया मात्र तीच राहिली. ती खोलीच्या तापमानाला, दाबाला, नोझलच्या टोकावरच्या एखाद्या मिठाच्या खड्याला तितकीच संवेदनशील आहे. त्यामुळे यंत्रापाशी जाणकार माणूस बसलेला लागतो.

इथे एक गल्लत वारंवार होते. फ्लो सायटोमीटर म्हणजे अ‍ॅनालायझर, आणि सॉर्टर, ही दोन वेगळी यंत्रे आहेत. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या सीडी४ पेशी मोजायच्या, ल्युकेमियाचा प्रकार ठरवायचा, उपचारानंतर उरलेला आजार शोधायचा, या कामांना अ‍ॅनालायझर पुरतो. तो पेशी मोजतो आणि टाकून देतो. पेशी जिवंत, शुद्ध आणि हातात परत हव्या असतील तेव्हाच सॉर्टर लागतो. रुग्णसेवेसाठी हवे म्हणून सॉर्टरचा प्रस्ताव आला, तर विभागप्रमुखांना सरळ विचारा की वेगळ्या केलेल्या पेशींचे पुढे काय करणार आहात. ठोस उत्तर नसेल तर चांगला अ‍ॅनालायझर द्या. तो कितीतरी कमी पैशांत येतो, तंत्रज्ञाला लवकर शिकवता येतो आणि वॉर्डच्या रोज कामाला येतो.

ठोस उत्तर जिथे असते, तिथे मात्र सॉर्टरला पर्याय नाही. उंदराच्या अस्थिमज्जेतून रक्ताच्या मूळ पेशी वेगळ्या काढून, मोजक्या पेशींतून सगळे रक्त पुन्हा उभे राहते हे अर्व्हिंग वाइसमन यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवले, ते अशाच वर्गीकरणामुळे. जॉन डिक यांच्या टोरांटोच्या गटाने १९९४ मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमियातल्या, पृष्ठभागावर सीडी३४ हे चिन्ह असलेल्या पण सीडी३८ नसलेल्या पेशी वेगळ्या करून उंदरांत घातल्या आणि आजार त्यांच्यातून पुन्हा उभा राहतो हे दाखवले. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी२५ हे चिन्ह असलेल्या, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी ओळखल्या. त्या कामासाठी २०२५ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा आहे. आज जगभर या पेशींवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा त्या आधी वेगळ्या काढतात, मगच पुढचे प्रयोग करतात. एकेका पेशीचा आरएनए वाचायचा, जनुक बदललेल्या पेशींमधून बदल खरोखर झालेल्या निवडायच्या, एका पेशीपासून वंश वाढवायचा, या सगळ्या कामांची पहिली पायरी तीच.

मुंबईला याची गरज किती आहे, ते आपणच अधिक जाणता. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या भारतीय कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. अशा उपचारानंतर कोणाच्या शरीरात कोणत्या टी पेशी टिकल्या, कोणत्या थकल्या आणि का, हे शोधायचे तर त्या पेशी रुग्णाच्या रक्तातून वेगळ्या काढाव्या लागतात. थॅलेसेमिया, सिकलसेल, क्षयरोग, तोंडाचा कर्करोग यांचे रुग्ण या शहरात मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या पेशींचा अभ्यास इथे व्हायला हवा. नमुना दुसऱ्या शहरात पाठवायचा म्हणजे वाटेत बऱ्याच पेशी मरू द्यायच्या.

आता चालकाकडे वळू. सॉर्टरचा दिवस सॉर्टिंगच्या किमान तासभर आधी सुरू होतो. लेझर तापू द्यायचे. शीथ द्रवाची, म्हणजे धारेच्या मिठाच्या पाण्याची, टाकी भरायची, फिल्टरमधली हवा काढायची. नोझल पाण्यात ठेवून अल्ट्रासोनिक बाथमध्ये स्वच्छ करायचे, टोक भिंगाखाली बघायचे आणि मगच बसवायचे. धार सुरू केल्यावर ती कलती पडत नाही ना हे पाहायचे. चाचणी मण्यांनी (ठरावीक चमकीच्या सूक्ष्म कणांनी) प्रत्येक डिटेक्टरची संवेदनशीलता कालच्या आकड्यांशी ताडायची. मग थेंब तुटण्याची जागा कॅमेऱ्यात स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि ड्रॉप डिले बसवायचा. लेझरसमोरून गेलेली पेशी थेंब तुटण्याच्या जागी किती थेंबांनंतर पोहोचते, तो हा आकडा. तो एका थेंबाने जरी चुकला, तरी यंत्र पडद्यावर हजारो पेशी वेगळ्या केल्याचे दाखवत राहते आणि नळीत निव्वळ खारे पाणी साठते. म्हणून चाचणी मणी बाजूच्या धारेत वळवून बघतात. ९५ टक्क्यांहून जास्त मणी बाजूला जाताना दिसले नाहीत, तर रुग्णाचा नमुना लावायचाच नाही.

सर्वात जास्त वेळा बिघडते ते नोझल तुंबून. पेशींचा गठ्ठा, किंवा मेलेल्या पेशींतून बाहेर आलेल्या डीएनएचा चिकट धागा टोकाशी अडकतो. पडद्यावर आधी थेंब तुटण्याची जागा वरखाली व्हायला लागते, मग बाजूची बारीक धार फिसकारून पंख्यासारखी पसरते. त्या दोन-तीन सेकंदांत थेंब नळीच्या तोंडावर, बाजूच्या नळीत, कप्प्याच्या भिंतीवर, कुठेही पडतात. नवी यंत्रे अशा वेळी आपोआप थांबतात आणि नळ्यांवर झाकण सरकवतात, पण थांबण्याआधी नको त्या पेशी नळीत गेल्या का, हे माणसालाच ठरवावे लागते. नमुना काढायचा, धार बंद करायची, हवेतले तुषार ओढून घेणारा पंखा काही मिनिटे चालू द्यायचा, मगच कप्पा उघडायचा, नोझल धुवायचे, सगळी जुळणी आणि ड्रॉप डिले पुन्हा. इतका वेळ बर्फावर थांबलेल्या पेशींचे काय, याचाही विचार त्यालाच करायचा असतो. पहिल्या वर्षाच्या पीएचडी विद्यार्थ्याला यंत्रापाशी एकटे बसवले की यातला प्रत्येक निर्णय अंदाजाने होतो. तो नमुना एखाद्या लहान मुलाच्या कमरेच्या हाडात सुई घालून काढलेला असतो. तो दुसऱ्यांदा मागता येत नाही.

हे काम अंगवळणी पडायला आमच्या मते निदान सहा महिने लागतात. प्रकल्पाच्या निधीतून कंत्राटावर नेमलेला माणूस कामात मुरतो त्या सुमारास प्रकल्प संपतो. तो बाहेर पडतो आणि खासगी कंपनीत त्याला लगेच नोकरी मिळते. मागे राहतो यंत्राचा पासवर्ड आणि एक अर्धवट भरलेली वही. म्हणून आम्ही कायम पद मागतो, आणि एक नव्हे तर दोन माणसे: एक मुख्य, एक साहाय्यक. एकाच माणसावर यंत्र ठेवले तर त्याच्या आजारपणात आणि रजेत ते बंद राहते. बंद पडलेल्या सॉर्टरच्या नळ्यांत जंतू वाढतात, नोझलवर मीठ सुकते आणि सुरू करताना दुप्पट दुरुस्ती निघते. दुसरी गोष्ट, शोधनिबंधात या चालकांचा उल्लेख करण्याचा नियम संस्थेने लिहून ठेवावा. प्रयोगाची रचना त्यांनी सुधारली असेल, तर सहलेखक म्हणून त्यांचे नाव घालावे.

खोलीबद्दल. मुंबईत पहिला शत्रू ओल. मिठाच्या द्रवाचे तुषार विद्युत पट्ट्यांवर बसतात, त्यावर दमट हवेतले पाणी धरते आणि पट्ट्यांमध्ये ठिणगी उडते. यंत्र थांबते आणि वळलेले थेंब भरकटतात. पट्ट्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात आणि खोलीत वातानुकूलनाखेरीज ओल शोषणारे यंत्र लागते. जून ते सप्टेंबर ते रात्रीही चालू ठेवायचे. तापमान २० ते २४ अंशांत कुठेही ठेवा, पण दिवसभर एकच ठेवा. रात्री एसी बंद करून सकाळी लावण्याची काटकसर इथे महाग पडते. खोली थंड होत असताना लेझरची रेषा आणि थेंब तुटण्याची जागा दोन्ही सरकत राहतात आणि सकाळचे दोन तास जुळणीतच जातात. एसी दोन घ्या आणि आलटून पालटून चालवा. एक बिघडला तर दुसरा खोली सांभाळतो. एसीचा झोत थेट धारेवर येता कामा नये.

तळघरात यंत्र ठेवू नका. जागा नेहमी तिथेच मोकळी असते, हे आम्हांला ठाऊक आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे या शहरात कुणाला सांगावे लागू नये. त्यापेक्षा फार कमी पावसातही तळघरांत पाणी शिरते. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, अवजड यंत्रांच्या थरथराटापासून दूर, हवेचा कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत, असे नियोजन करा. वीज ऑनलाइन यूपीएसवरून हवी. यंत्र, संगणक आणि तुषार ओढणारा पंखा हे तिन्ही त्यावर हवेत. पंखा बहुतेक ठिकाणी विसरला जातो आणि वीज गेल्यावर सर्वात आधी गरज त्याचीच असते.

आता नमुन्यांकडे. सॉर्ट फसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्राकडे येण्याआधीच झालेला असतो. आपल्या संशोधक विद्यार्थ्यांपर्यंत पुढचा मजकूर पोहोचवाल तर आमचे निम्मे काम होईल.

पेशी एकट्या सुट्या हव्यात. नळीत घालण्यापूर्वी ३५ किंवा ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळाव्यात, आणि तासभर थांबावे लागले तर पुन्हा गाळाव्यात. बफर कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेले पीबीएस (पेशींना मानवणारे मिठाचे द्रावण), त्यात १ टक्का अल्ब्युमिन, २ मिलिमोलर ईडीटीए आणि २५ मिलिमोलर हेपीस. हेपीस का, तर बायकार्बोनेटवर चालणाऱ्या माध्यमाचा पीएच इनक्युबेटरबाहेर, दाबाखाली टिकत नाही आणि पेशी तिथेच दमतात. गाठीच्या तुकड्यात मेलेल्या पेशी भरपूर असतात, म्हणून तो सुटा करताना डीएनेझ, म्हणजे डीएनए तोडणारे एन्झाइम, घालावे. डीएनेझला मॅग्नेशियम लागते आणि ईडीटीए ते बांधून ठेवते, त्यामुळे त्या पायरीला ईडीटीए नको. ते नंतरच्या बफरमध्ये. ट्रिप्सिनने पेशी लवकर सुटतात पण पृष्ठभागावरची चिन्हेही कापली जातात. ज्या चिन्हावर सॉर्ट करणार तेच कापले गेले, तर अँटिबॉडीला दोष देऊन उपयोग नाही. अ‍ॅक्युटेससारखे सौम्य एन्झाइम वापरून आधी थोड्या पेशींवर ताडून पाहावे.

मेलेल्या पेशी अँटिबॉडी कुठेही चिकटवून घेतात, म्हणून जिवंत-मृत ओळखणारा रंग प्रत्येक नमुन्यात हवा. डीएपीआय किंवा ७-एएडी चालेल. नियंत्रण नळ्या न आणणाऱ्यांना परत पाठवावे लागते, ते रागावतात, पण त्याला इलाज नाही: एक बिनरंगाची, प्रत्येक रंगाची एकेकटी, आणि पुसट चिन्हांसाठी तो एक रंग सोडून बाकी सगळे लावलेली. एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या डिटेक्टरात किती सांडतो हे एकेकट्या नळ्यांशिवाय कळत नाही. पीई-साय७ सारखे, दोन रंग जोडून केलेले जोडरंग उजेडात ठेवले की फुटतात आणि नुसत्या पीईसारखे चमकू लागतात. मग पडद्यावर कधीच नसलेली पेशींची जमात दिसते आणि कुणीतरी तिच्यावर प्रबंध लिहायला घेतो. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून आणाव्यात. जोडीने चिकटलेल्या पेशी वगळण्यासाठी प्रकाशाच्या संकेताची उंची आणि क्षेत्रफळ यांच्या आलेखावर गेट, म्हणजे निवडीची हद्द, लावायलाच हवे, नाहीतर एका टी पेशीला चिकटलेली बी पेशी नवा प्रकार म्हणून नळीत जाते.

पेशी गोळा करायच्या नळीकडे फार कमी लोक लक्ष देतात. १०० मायक्रॉनच्या नोझलने दहा लाख पेशी वेगळ्या केल्या की सुमारे तीन मिलिलिटर खारे पाणीही नळीत जमा होते. आधी घातलेले एक मिलिलिटर माध्यम तेवढ्याने पातळ होते. म्हणून नळीत दुप्पट सीरमचे माध्यम ठेवावे, आणि आतली बाजू आधी सीरमने भिजवून घ्यावी. कोरड्या प्लास्टिकवर आपटलेली पेशी तिथेच सुकून मरते. बाजूची धार थेट माध्यमात पडते की नळीच्या भिंतीवर, हे सॉर्ट सुरू करण्याआधी रिकाम्या नळीत पाहावे. आरएनए काढायचा असेल आणि पेशी सरळ विरघळवणाऱ्या द्रावणात घेणार असाल, तर त्या पाण्याचा हिशेब आधी करा. ट्रायझॉल एलएस या अशा द्रावणाला तीन भागांस एक भाग नमुना हे प्रमाण सांभाळावे लागते. शेवटी, गोळा केलेल्या पेशींपैकी काहीशे पुन्हा यंत्रातून सोडून शुद्धता बघायची आणि उरलेल्यांपैकी थोड्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. यंत्राचा आकडा आणि हाती आलेल्या जिवंत पेशी यांत फरक असतोच. पुढचा प्रयोग हातातल्या आकड्यावर आखावा.

९६ खणांच्या प्लेटमध्ये एकेक पेशी टाकायची असेल, तर नेम आधी झाकणावर थेंब टाकून बघतात. त्याहून पक्की परीक्षा अशी: प्रत्येक खणात टीएमबी नावाचे रसायन ठेवायचे आणि धारेतल्या नमुन्यात हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझ एन्झाइम मिसळायचे. थेंब नेमका आत पडला की खण निळा होतो. न निळा झालेला खण दिसला की नेम पुन्हा बसवायचा. प्लेटचे चारही कोपरे निळे होईपर्यंत रुग्णाची पेशी लावत नाहीत.

नोझल निवडताना पेशीच्या व्यासाच्या निदान पाचपट छिद्र, हा ढोबळ नियम. लिंफोसाइटला ७० मायक्रॉन चालते. मॅक्रोफेज, डेंड्रायटिक पेशी, गाठीतल्या मोठ्या पेशी यांना १०० मायक्रॉन आणि २० पीएसआय द्यावे, अगदी नाजूक असतील तर १३० मायक्रॉन. वेग कमी होतो आणि विद्यार्थी घाई करतात. इथे गणित समोर ठेवले की वाद मिटतो. १०० मायक्रॉनला सेकंदाला साधारण ३० हजार थेंब पडतात. पेशींचा वेग त्याच्या चौथ्या भागाहून, म्हणजे साडेसात हजारांहून, जास्त ठेवू नये. त्यापुढे एका थेंबात दोन पेशी येण्याचे प्रमाण वाढते आणि यंत्र शुद्धता राखण्यासाठी हव्या पेशीही सोडून देऊ लागते. हजारात एक या प्रमाणात असलेल्या पेशी एक लाख हव्या असतील, तर दहा कोटी पेशी तपासाव्या लागतील. साडेसात हजारांच्या वेगाने याला पावणेचार तास लागतात, तेही एकही पेशी न गमावता. एक मिलिलिटर रक्तातून दहा ते वीस लाख एककेंद्रकी पेशी (लिंफोसाइट, मोनोसाइट) मिळतात, म्हणजे पन्नास ते शंभर मिलिलिटर रक्त लागेल, आणि तेवढे लहान मुलाकडून किंवा अशक्त रुग्णाकडून घेता येणार नाही. हा हिशेब नमुना घेण्याआधी, नीतिमत्ता समितीच्या अर्जातच झाला पाहिजे.

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. चुंबकीय मण्यांनी आधी गर्दी कमी करायची. सुमारे ५० नॅनोमीटरचे मणी अँटिबॉडीने पेशींना चिकटतात, चुंबकात ठेवलेल्या स्तंभातून नमुना सोडला की मणी लागलेल्या पेशी आत अडकतात आणि बाकीच्या निघून जातात. स्टेफान मिल्टेनी यांच्या गटाने ही पद्धत १९९० मध्ये मांडली. हजारात एक असलेल्या पेशी अशा गाळणीने शंभरात पाच झाल्या, तर वरचा पावणेचार तासांचा सॉर्ट पाच मिनिटांत संपतो. काही पेशी स्तंभात गमावल्या जातात, ती घट धरावी लागते. कित्येक प्रयोगांना नुसते मणीच पुरतात: सगळ्या टी पेशी हव्यात, सगळे मोनोसाइट हवेत, एवढेच असेल तर सॉर्टरची वेळ मागू नये. लहान महाविद्यालयाला आमचा सल्ला हाच की चुंबकीय संच आणि अ‍ॅनालायझर आपल्याकडे ठेवा, सॉर्टर सामायिक वापरा.

सामायिक म्हणजे कुठे? परळचा नकाशा समोर घ्या. टाटा मेमोरियल, केईएम, त्याच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी, प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची संस्था, हाफकिन, वाडिया रुग्णालय, सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे काढलेले रक्त सकाळी नऊला खारघर किंवा पवईच्या वाटेला लागले, तर पोहोचणार कधी हे वाहतूक ठरवते. लिंफोसाइट काही तास दम धरतात. न्यूट्रोफिल धरत नाहीत, ते काही तासांतच बदलू लागतात. दक्षिण आणि मध्य मुंबईसाठी परळ परिसरात एक केंद्र, उपनगर आणि नवी मुंबईसाठी दुसरे, आणि दोन्हींची वेळ सगळ्या संस्थांना खुली, ही मांडणी संस्थागणिक एकेक यंत्र घेण्यापेक्षा शहराला जास्त उपयोगी पडेल. असे सामायिक वापराचे नमुने आपल्याकडे नवे नाहीत. आयआयटी मुंबईत १९७६ पासून महागड्या विश्लेषण उपकरणांची अशी सुविधा चालू आहे, आणि केंद्र सरकारच्या आय-स्टेम संकेतस्थळावर उपकरणे नोंदवून बाहेरच्यांना वेळ देता येतो.

सुरक्षेबाबत समित्यांनी दोन गोष्टी लेखी करून घ्याव्यात. पहिली, उच्च दाबाच्या धारेतून तुषार उडतात, त्यामुळे रुग्णाचा बिनप्रक्रियेचा नमुना जैवसुरक्षा कपाटात बसवलेल्या, तुषार ओढणारी यंत्रणा असलेल्या सॉर्टरवरच चालवायचा. जिवंत क्षयजंतू असलेला नमुना जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीच्या प्रयोगशाळेबाहेर लावायचाच नाही. अशा प्रयोगशाळेची सोय नसेल तर पेशी आधी रसायनाने स्थिर कराव्यात. टाकाऊ द्रवाच्या टाकीत सोडियम हायपोक्लोराइट आधीपासून असले पाहिजे, टाकी भरल्यावर ओतायचे नसते. दुसरी, बैलाच्या एक्स शुक्राणूत वाय शुक्राणूपेक्षा सुमारे ३.८ टक्के डीएनए जास्त असतो आणि त्यावरून सॉर्टर ते वेगळे करतो. दुग्धव्यवसायात ते रीतसर चालते. मानवी शुक्राणूंवर लिंगनिवडीसाठी हे करणे पीसीपीएनडीटी कायद्याने बंद आहे. सॉर्टर केंद्राच्या नियमावलीत हे ठळक लिहा आणि प्रत्येक नमुन्याची नोंद ठेवा. महाराष्ट्रात मुलींच्या जन्माबाबत जे घडले आहे, ते पाहता यात ढिलाई नको.

निविदेबद्दल थोडक्यात. फक्त यंत्राच्या किमतीवर सर्वात कमी बोली ठरवू नका. पाच वर्षांची हमी आणि सहाव्या ते दहाव्या वर्षापर्यंतचा सीएमसी, म्हणजे सुटे भाग धरून देखभाल करार, यांचे दर त्याच निविदेत मागवा आणि सगळी बेरीज करून तुलना करा. एएमसीवर, म्हणजे नुसत्या वार्षिक देखभाल करारावर, भागवू नका. त्यात भाग येत नाहीत आणि एक लेझर गेला की पुढचे वर्ष पत्रव्यवहारात जाते. अभियंता मुंबईत राहणारा हवा आणि किती तासांत येणार हे करारात हवे. प्रत्येक आकाराची किमान दोन नोझले, वर्षभराचे फिल्टर आणि चाचणी मणी सुरुवातीलाच घ्या. प्रशिक्षण यंत्र बसवताना एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा. दुसऱ्या वेळी चालक खरे प्रश्न विचारतो. वापराचे तासावर शुल्क ठेवा, सरकारी महाविद्यालयांना सवलत द्या, आणि वेळ घेऊन न येणाऱ्यांकडूनही शुल्क घ्या. ते पैसे संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात न जाता यंत्राच्या खात्यात जमा होतील असा ठराव करा, नाहीतर शीथ द्रव संपल्यावर तो घ्यायला तीन सह्या लागतात आणि तोवर अस्थिमज्जेचा नमुना बर्फावर वाट पाहत राहतो.

सध्या आपल्या टेबलावर असलेल्या प्रस्तावांत चालकाचे पद, खोलीचा मजला आणि सीएमसीची तरतूद हे तीन रकाने भरलेले आहेत का, ते कृपया या आर्थिक वर्षाच्या खरेदी बैठकीआधी पाहून घ्या. रिकामे असतील तर प्रस्ताव विभागाकडे परत पाठवा. ते रकाने भरून देण्यासाठी, खोलीचा आराखडा तपासण्यासाठी आणि नव्या चालकांना शिकवण्यासाठी आम्ही विनामूल्य वेळ देऊ.

आपले,
मुंबईत सेल सॉर्टर चालवणारे आणि शिकवणारे काही जण